मला दोरी व्हायचंय
(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



विषय ठरवताना फोनवरच्या कार्यकर्त्यानं जरा चाचरतच विचारलं होतं, "मॅडम, शिबिरात शिष्यवृत्ती आहे, स्पर्धा परीक्षा आहे, कर्ज योजना आहे. त्यात लहान मुलांचा अभिनयवर्ग म्हणजे... लोक बसतील ना?" तुम्ही बसलाय, आणि तेही बिर्याणीनंतर बसलाय, म्हणून आधी शुक्रिया.

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. ज्या घरात शाळेची फी दोन हप्त्यांत भरावी लागते, त्या घराला नाटक म्हणजे चैन वाटणारच. मी नटी नाही, दिग्दर्शिकाही नाही. प्राथमिक शिक्षिका आहे. सोलापुरात गेली नऊ वर्षं दर रविवारी सकाळी मोहल्ल्यातल्या शादीखान्यात चार ते सात वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. लग्नाची तारीख असली की आमचा वर्ग गच्चीवर जातो. महिन्याला पन्नास रुपये घेते, ज्याला जमत नाही त्याच्याकडून घेत नाही. एवढ्या अनुभवावर बोलणार आहे, त्यापेक्षा मोठा अधिकार माझ्याकडे नाही.

हे मी का सुरू केलं, ते आधी सांगते.

मी तिसरीत होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात 'विविधतेत एकता' नावाचं एक दृश्य बसवलं होतं. चार मुलं हात धरून उभी राहणार आणि मागे गाणं वाजणार. वर्गात मुसलमान मी एकटी, म्हणून ती भूमिका माझीच. बाईंनी सांगितलं, "उद्या येताना बुरखा घालून ये हं." आता पंचाईत अशी, की आमच्या घरी बुरखा कुणीच घालत नव्हतं. अम्मी साडी नेसायची, दादी नऊवारी. शेवटी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या एका खालांचा बुरखा मागून आणला, तो टाचण्या लावून आखूड केला, आणि मी स्टेजवर उभी राहून एकच शब्द बोलले, 'आदाब'. स्वतःचीच भूमिका करायला मला दुसऱ्याचे कपडे उसने आणावे लागले.

त्याच संमेलनात दुसरं एक नाटक होतं, त्यात एक चेटकीण होती. मला ती व्हायचं होतं. मोठ्यानं हसायचं होतं, झाडूवर बसायचं होतं. मी विचारलंच नाही, कारण विचारता येतं हेच माहीत नव्हतं. बाई वाईट नव्हत्या हो. माझे केस विंचरून द्यायच्या, डब्यातली पोळी द्यायच्या. त्यांच्या मनात एक साचा होता, त्यात त्यांनी मला बसवलं, इतकंच. आज इथं बसलेल्यांपैकी कितीजण शाळेत अफजलखान झालेत? करा हात वर. बघा! आणि शिवाजी महाराज? ...एक. शाब्बास, तुझ्या बाईंना माझा सलाम सांग.

तर माझ्या वर्गाचा पहिला नियम त्या बुरख्यातून आलाय. इथे कुणी कुणाला भूमिका नेमून देत नाही. ज्याला जे व्हायचं ते तो होतो.

आता वर्गात घडतं काय? अभिनयवर्ग म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर टीव्ही येतो. पहिल्याच दिवशी एक अब्बा म्हणाले, "हा शाहरुखचे डायलॉग एकदम भारी मारतो, दाखव रे." पाच वर्षांचं पोर, हात पसरून उभं राहिलं. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मी त्यांना म्हटलं, हे त्याला येतंच, मग माझ्याकडे कशाला आणलंत? आमच्याकडे संवाद पाठ करणं नाही. 'रडून दाखव, लाजून दाखव' नाही. वार्षिक कार्यक्रमही नाही, यावर पालक अजून नाराज आहेत.

मराठीत मुलांच्या नाटकाची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'मधुमंजिरी'पासून लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींनी 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' लिहिली, पुण्यात डॉ. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये बर्लिनहून ग्रिप्सचं नाटक आणलं. पण हे बरंचसं मुलांना दाखवायचं नाटक. ग्रिप्समध्ये तर मुलांच्या भूमिकाही मोठी माणसंच करतात. ते हवंच. मी बोलतेय ते त्याच्या अलीकडचं आहे, जिथे प्रेक्षक नसतो. वर्गातली सगळी मुलं करणारी, आणि बघणारी असतील तर तीही आपल्यातलीच.

पंचेचाळीस मिनिटांचा तास. आधी गोल करून बसायचं आणि नाव सांगायचं, पण नावाबरोबर एक हालचाल करायची. बाकीच्यांनी ते नाव आणि ती हालचाल तशीच परत करायची. बारा मुलं असतील तर प्रत्येक मूल अकरा जणांकडून आपलं नाव नीट उच्चारलेलं ऐकतं. ज्यांचं नाव हजेरीत रोज मोडतोड होऊन येतं, त्यांनाच याची किंमत कळेल. मग चालायचं. जमीन तापलेली आहे, पाय भाजतायत. आता चिखल आहे. आता पाऊस आला आणि चप्पल वाहून गेली. मग आरसा: दोघं समोरासमोर, एक जण करेल ते दुसऱ्यानं त्याच वेळी करायचं. मग माझी जुनी हिरवी ओढणी मध्ये ठेवायची. ही ओढणी आहे हे सोडून काय आहे? नदी, साप, दुकानाचं शटर, आजारी माणसाची गोधडी. एकदा एका मुलीनं ती नुसती हातात धरली आणि म्हणाली, "हा लोकलचा दांडा." ती सुट्टीत मुंबईला जाऊन आली होती.

या सगळ्यात सगळ्यात आवडता खेळ म्हणजे स्टॅच्यू. मी डफली वाजवते तोवर हलायचं, डफली थांबली की थांबायचं. तुम्ही म्हणाल, यात अभिनय कुठे आहे? चार वर्षांच्या मुलाला अंगात आलेला वेग मध्येच थांबवणं ही जगातली सर्वांत अवघड गोष्ट असते. 'गप बस' म्हणून तो थांबत नाही. पण 'तू दगडाची वाघीण आहेस' म्हटलं की श्वाससुद्धा रोखून उभा राहतो.

यावर संशोधन झालंय, आणि मला ते फार मजेशीर वाटतं. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. चार आणि सहा वर्षांच्या १८० मुलांना संगणकावर एक अत्यंत कंटाळवाणं काम दिलं, दहा मिनिटांचं. शेजारी टॅब्लेटवर खेळ ठेवला, कंटाळा आला तर खुशाल खेळा. काही मुलांना सांगितलं, अधूनमधून स्वतःला विचारा, मी नीट काम करतोय का? काहींना सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन विचारा. आणि काहींना बॅटमॅन किंवा तसंच एखादं आवडतं पात्र व्हायला सांगितलं, अंगावर त्याची एखादी वस्तू चढवली, आणि म्हटलं, विचारा, बॅटमॅन नीट काम करतोय का? सगळ्यात जास्त वेळ टिकली ती बॅटमॅन झालेली मुलं. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात याच दिशेचं काही मांडलं होतं: मूल खेळात भूमिका घेतं तेव्हा त्या भूमिकेचे नियम पाळतं, आणि एरवी जे त्याला जमत नाही ते तिथे जमून जातं.

पण इथे मी थोडा ब्रेक लावते, कारण आपल्याकडे लगेच जाहिरात होते. 'अभिनयवर्गाला पाठवा, बुद्ध्यांक वाढवा.' असं नाही. टोरांटोमध्ये सहा वर्षांच्या १४४ मुलांवर एक अभ्यास झाला, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही मुलांना पियानोसारखं कीबोर्ड शिकवलं, काहींना गाणं, काहींना नाटक, काहींना त्या वर्षी काहीच नाही. वर्षानंतर बुद्ध्यांकात थोडी जास्त वाढ दिसली ती संगीतवाल्यांत. नाटकवाल्यांत ती दिसली नाही. त्यांच्यात दिसलं ते वेगळं: इतरांशी वागणं, जुळवून घेणं सुधारलं, असं पालकांनी नोंदवलं. आणखी एक अभ्यास २०१२ चा, जरा मोठ्या मुलांचा. वर्षभर अभिनय शिकलेल्यांत दुसऱ्याचं दुःख जाणवण्याची क्षमता इतर कला शिकणाऱ्यांपेक्षा वाढलेली आढळली. मात्र ती मुलं आपल्या आवडीनं त्या वर्गात आलेली होती, चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. कल्पनाखेळावरच्या अनेक अभ्यासांची २०१३ मध्ये एकत्र छाननी झाली, तेव्हाही निष्कर्ष निघाला की फायद्याचे दावे पुराव्यापेक्षा मोठे केले जातात. म्हणून गणितात मार्क वाढतील असं वचन मी कुणालाच देत नाही. 'मूल दुसऱ्या मुलाकडे बघायला शिकेल' एवढं म्हणते. पालक म्हणतात, बस इतकंच? मी म्हणते, हो, इतकंच.

आता भाषेकडे येते. माझ्या दृष्टीनं आपल्या मुलांच्या बाबतीत खरी गोष्ट इथे आहे.

सोलापूरचं तुम्हाला माहीत आहे. आमच्या गल्लीत दखनी, पलीकडे पद्मशाली वस्तीत तेलुगू, पुढच्या पेठेत कानडी, बाजारात मराठी. वर्गात या चारही घरांची मुलं येतात. सुरुवातीला दोघा-तिघांनी विचारलं, वर्ग आपल्या मुलांसाठीच ठेवूया ना. मी नाही म्हटलं. आपलीच मुलं आपल्यातच बसवून दुसऱ्याच्या जागी उभं राहायला कसं शिकवणार? पण मग प्रश्न आला, बोलायचं कुठल्या भाषेत.

उत्तर मला एका शिकागोच्या बाईंनी दिलं. व्हायोला स्पोलिन. शिकागोत हल हाउस नावाचं केंद्र होतं, १८८९ मध्ये जेन ॲडम्स यांनी एका सहकारी मैत्रिणीबरोबर काढलेलं, देशोदेशींहून आलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीत. तिथे स्पोलिन १९२० च्या दशकात नीव्हा बॉइड यांच्याकडे खेळ शिकल्या, आणि पुढे मुलांना नाटक शिकवताना त्यांनी भाषणं देण्याऐवजी खेळच वापरले. मुलांची भाषा एक नव्हती, घरच्या चालीरीती एक नव्हत्या. खेळाचा नियम मात्र सगळ्यांना कळायचा. आज जगभरच्या नाट्यशाळांत जे 'थिएटर गेम्स' घेतात, ते बऱ्याच अंशी तिथून आलेत. त्यांचं पुस्तक १९६३ चं आहे. म्हणजे बघा, हा श्रीमंतांच्या मुलांसाठी काढलेला छंदवर्ग नव्हताच. दुसऱ्याच्या भाषेत बुजलेल्या मुलांसाठी निघालेली ही गोष्ट आहे.

त्यातला एक खेळ आम्ही 'गिचमिड भाषा' म्हणून खेळतो. कुठलीही खरी भाषा बोलायची नाही. गिचमिड भाषेत भाजी विकायची, गिचमिड भाषेत भांडायचं, माफी मागायची. त्यात दखनीवाला मागे पडत नाही आणि इंग्लिश मीडियमवाला पुढे जात नाही. एका तेलुगू मुलीनं आणि एका आमच्या मुलानं गिचमिडमध्ये टोमॅटोवरून असं भांडण केलं, की बाहेर मंडप घालणारा माणूस आत डोकावला. त्याला वाटलं खरंच काहीतरी झालं.

आता त्या मुलाबद्दल सांगते, ज्याच्यामुळे मी आज इथे यायला तयार झाले.

पाच वर्षांचा होता. घरी दखनी, बालवाडीत मराठी. शाळेत एक शब्द बोलायचा नाही. शू लागली तरी सांगायचा नाही, कारण कसं सांगायचं ते येत नव्हतं आणि चुकलं तर मुलं हसतात हे कळलं होतं. रोज चड्डी ओली. शाळेनं अम्मीला बोलावून सांगितलं की मूल मंद आहे, डॉक्टरला दाखवा. अम्मी रडत माझ्याकडे आली. पहिले सहा रविवार तो दाराजवळ बसला. मी त्याला गोलात ओढलं नाही. बसू दे. बघणंही करण्यातलंच असतं.

सातव्या रविवारी आम्ही 'अब्बूखाँ की बकरी' घेतली होती. झाकिर हुसेन यांची गोष्ट. आपण त्यांना राष्ट्रपती म्हणून ओळखतो. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमचा आराखडा ज्या समितीनं केला, तिचे ते अध्यक्ष होते. पण या माणसानं मुलांसाठी एका बकरीची गोष्टही लिहिली. चांदनी नावाची बकरी, अब्बूखाँच्या घरात तिला सगळं सुख आहे, तरी तिला डोंगरावर मोकळं जायचंय. ती पळते, आणि रात्रभर लांडग्याशी लढते. मी विचारलं, कोण काय होणार? चांदनी व्हायला पाच जणी. लांडगा व्हायला तर मारामारी. डोंगर, चंद्र, गवत. आणि एक अगदी बारीक आवाजाची मुलगी म्हणाली, "मला दोरी व्हायचंय." बकरीच्या गळ्यातली दोरी! मी इतकी वर्षं शिकवतेय, माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. ती जमिनीवर आडवी झाली, एका हातानं चांदनीचा घोटा धरला, आणि चांदनी पळाली तेव्हा हळूहळू बोटं सोडली. मग तिथेच पडून राहिली, नाटक संपेपर्यंत.

आमच्याकडे गोष्ट झाली की ज्याला हवं त्यानं आपली गोष्ट सांगायची आणि मी ती लिहून घ्यायची. ही पद्धत शिकागोच्याच व्हिव्हियन पेली या बालवाडीच्या बाईंची. मूल सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, व्याकरण सुधारायचं नाही, आणि मग वर्गानं ते लगेच करून बघायचं. त्या दिवशी तो दाराजवळचा मुलगा उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "हमारे घर में बी बकरी थी. अब्बा उसको ले को गए. मैं दरवाजे के पिच्छू बैठा." तीन वाक्यं. मी दखनीतच लिहिली आणि तशीच वाचली. आपलं बोलणं कागदावर उतरतं आणि बाई ते मोठ्यानं वाचते, हे तो टक लावून बघत होता.

मी विचारलं, तू कोण होणार? मला वाटलं, दारामागचा मुलगा. तो म्हणाला, "अब्बा." एक तेलुगू मुलगा बकरी झाला. अब्बा आला, आणि दोरी धरायच्या आधी खाली बसून त्यानं बकरीच्या पाठीवरून हात फिरवला. दोनदा. हे गोष्टीत नव्हतं.

मी तुम्हाला असं सांगणार नाही की तो आता वक्तृत्व स्पर्धा जिंकतो. आठ वर्षांचा आहे, अजून कमीच बोलतो. पण पुढच्या दोनेक महिन्यांत त्यानं शाळेत बाईंना "बाई, शू ला जाऊ?" विचारायला सुरुवात केली. त्याच्या अम्मीनं मला पेढे आणून दिले. डॉक्टरकडे जावं लागलं नाही. ज्यांना जावं लागतं त्यांनी जरूर जावं, अभिनयवर्ग हे औषध नव्हे, ही माझी विनंती आहे. बहिरेपणा असेल, आणखी काही असेल, ते आधी तपासून घ्या.

आता जरा अवघड बोलते. आपल्यातली काही मुलं अभिनय आधीच शिकतायत, चार वर्षांची असल्यापासून. रेल्वेत बसलं की आई कानात सांगते, "इथे अम्मी म्हणू नको, आई म्हण." डब्यात काय आहे विचारलं तर काय सांगायचं, हे घरून ठरवून येतं. मी आयांना दोष देत नाही, मीही माझ्या मुलीला एकदा सांगितलंय. त्यामागे भीती आहे आणि ती उगाच नाही. पण मूल त्यातून शिकतं की आपण आहोत तसं दिसणं धोक्याचं आहे. माझ्या वर्गात एक मुलगी पहिल्या दिवशी आली, आजूबाजूला बघितलं आणि मला हळूच विचारलं, "टीचर, इथे अम्मी म्हणायचं की आई?" मी म्हटलं, तुला काय म्हणायचंय? तिला हा प्रश्नच कळला नाही.

म्हणून आम्ही जमिनीवर खडूनं एक रेघ ओढतो. रेघेच्या आत गेलं की तू हवं ते. बाहेर आलं की तू तू. आत जाताना भूमिका अंगावर घ्यायची, बाहेर येताना झटकून टाकायची, अक्षरशः हात झटकून, आणि आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं. भीतीनं घेतलेलं सोंग उतरवता येत नाही, कारण ते कधी उतरवायचं हे दुसरा ठरवतो. रेघेच्या आतलं सोंग मूल स्वतः घेतं आणि स्वतः उतरवतं. ती मुलगी तिसऱ्या रविवारी रेघेच्या आत 'आई' झाली, रेघेबाहेर येऊन म्हणाली, "मेरी अम्मी ऐसा नहीं करती, वो जोर से चिल्लाती." अम्मी मागेच बसली होती. आम्ही सगळ्या हसलो, अम्मी सोडून.

घरच्यांच्या हरकतींबद्दल तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. 'सोंगं काढणं आपल्यात चालतं का?' असं एका घरी विचारलं गेलं. मी उत्तर देण्याआधी त्या घरचे आजोबाच बोलले. हदीसमध्ये आलंय, म्हणाले, हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांत पंख असलेला घोडा होता, आणि पैगंबर साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की सुलेमान यांच्या घोड्यांना पंख नव्हते का? त्यावर पैगंबर साहेब हसले. आजोबांनी विषय संपवला. मी स्वतः असे दाखले देत फिरत नाही, तो माझा अभ्यास नाही. मी आयांना मागे चटईवर बसायला सांगते. दोन तास बघितले की बहुतेकींचा प्रश्न विरतो. आणि कुणी म्हणालं की नाटक आपलं नाहीच, तर त्याला बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांचं नाव सांगा, ज्यांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. हबीब तन्वीर यांनी १९५४ मध्ये 'आग्रा बाजार' केलं ते जामिया मिलियाच्या विद्यार्थ्यांना आणि ओखला गावच्या लोकांना घेऊन. आपलं नाही म्हणायला जागा कुठे आहे?

एका गोष्टीत मात्र मी हरतेय. नऊ-दहा वर्षांच्या झाल्या की मुली गळतात. मोठ्या मुलांसाठी दुपारी दुसरी तुकडी सुरू केली, त्यात आज अकरा मुलगे आणि दोन मुली आहेत. 'आता मोठी झाली', एवढंच उत्तर मिळतं. ती दोरी झालेली मुलगी यंदा दहा वर्षांची झाली. जुलैपासून आलेली नाही. मी दोनदा घरी जाऊन आले, चहा मिळाला. तुमच्यातल्या मुलींनी पुढे येऊन या तुकड्या घेतल्या तर फरक पडेल असं मला वाटतं. आया माझ्यासारख्या बाईपेक्षा बावीस वर्षांच्या, ओळखीच्या घरच्या मुलीवर जास्त विश्वास ठेवतात. त्यांना दिसतं की ही नाटक करते, आणि बी.एससी.ही करते, आणि सलामतही आहे.

सुरू करायचं असेल तर थोडं कामाचं. एका तुकडीत पंधराच्या वर मुलं नकोत. नेहमी दोन मोठी माणसं हजर हवीत, दार उघडं हवं. मुलं 'घर-घर' खेळताना जे दाखवतात ते कधीकधी खरं असतं. कुणी अब्बा होऊन पट्टा काढतो. ते बाहेर चघळायचं नाही, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नाही. पण मुलाला इजा होतेय असं वाटलं तर गप्पही बसायचं नाही, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. व्हिडिओ काढू नका. मोबाइल वर आला की मूल खेळायचं थांबतं आणि दाखवायला लागतं.

आणि 'ऑडिशन देतो' म्हणत येणारे येतील. आमच्याकडे आले, चार हजार रुपये फोटोंचे मागत होते. पालकांना सांगा की मुलांना खरंच काम मिळालं तर त्याला कायदा आहे. २०१६ ला बालकामगार कायदा बदलला, २०१७ चे नियम सांगतात की बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतले किमान वीस टक्के मुलाच्या नावावर मुदत ठेवीत टाकायचे. हे ऐकवलं की निम्मे एजंट परत येत नाहीत.

सामानाला खर्च नाही. एक ओढणी, एक डफली, दोन रिकामी खोकी, खडू, वही. वही जाड घ्या. माझ्या पाच भरल्यात, दखनी, तेलुगू, मराठी, कानडी, सगळ्या गोष्टी देवनागरीत, जशा ऐकू आल्या तशा. एका कानडी आजीनं वाचून घेतलं आणि म्हणाली, निम्मं चुकीचं लिहिलंय.

पहिल्या रविवारी फार मुलं आली नाहीत तर खचू नका. माझ्याकडे तीन आली होती. त्यातली दोन माझ्या नणंदेची, आणि तिसरं चुकून आलं होतं, त्याला वाटलं शादीखान्यात जेवण आहे. त्याला घरून दोन केळी आणून दिली. तो अजून येतो.